शुक्रवारचा कप, रविवारचा सामना

आमच्या घरात दैनिक ‘गंगथडी’ येत नाही. सदुसष्ट वर्षं झाली, येत नाही. दुकानातून आलेल्या पुडीचा कागद ‘गंगथडी’चा निघाला तर माझे आजोबा डाळ डब्यात ओततात आणि कागद उंबऱ्याबाहेर ठेवून येतात. आणि मी, त्यांची सख्खी नात तेजस्विनी गांगुर्डे, नोकरी करते ती ‘गंगथडी’तच. तीन वर्षांपूर्वी नेमणुकीचं पत्र घेऊन घरी आले तेव्हा आजोबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, जेवायला सुट्टी देतात का. मी हो म्हटलं. तेवढं तरी करतात म्हणाले, आणि आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

हा सगळा राग गोल्फमुळे. होय, गोल्फ. नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदान शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिथे लोक चालतात, पळतात, पोटं कमी करायला येतात आणि नंतर कोपऱ्यावर मिसळ खातात. सभा होतात, क्रिकेट होतं. गोल्फ तेवढा कोणी पाहिलेला नाही. आमच्या आजोबांनी पाहिला आणि खेळलासुद्धा. १९५८ साली ते अठरा वर्षांचे होते आणि क्लबात कॅडी होते. कॅडी म्हणजे साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागून चालायचं आणि चेंडू कुठे पडला ते सांगायचं. वर्षातून एकदा, डिसेंबरात, साहेब लोक खुर्च्या टाकून बाजूला बसत आणि कॅडींची आपापसात स्पर्धा लागे. त्या वर्षी शेवटच्या सामन्याला दोघं उरले. एक आमचे आजोबा, भिमाजी. दुसरा मखमलाबादच्या फुलमळ्यातला सहादू काकड. दोघं जिवलग होते. एका डब्यातून भाकरी खायचे, आणि त्या काळात आमच्या आणि त्यांच्या घरातल्या पोरांनी एका डब्यात हात घालणं ही साधी गोष्ट नव्हती.

रविवारी सामना झाला. शेवटच्या खड्ड्यापाशी सहादूचा चेंडू बाभळीच्या खोडाला अडला आणि आजोबा जिंकले. बक्षीस म्हणून कॅनव्हासचे नवे बूट मिळाले. चांदीचा कप क्लबाचा होता, तो टेबलावर होता तिथेच राहिला, कारण बक्षीस देणाऱ्या साहेबांना गाडी गाठायची होती. सोमवारी ‘गंगथडी’त बातमी आली. फोटोखाली तीन ओळी होत्या: कॅडी चषक स्पर्धेचे विजेते श्री. भिमाजी गांगुर्डे. आणि वर, अंगात कोट, हातात कप, सगळे दात दाखवून हसणारा सहादू काकड.

वाचणारे तेव्हा थोडे, तोंड ओळखणारे सगळे. मखमलाबादला सहादूची वाजतगाजत मिरवणूक निघाली. आमच्या वस्तीत मात्र चूल पेटवायचं कोणाला सुचेना. दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती, लोक ताठ मानेनं चालायला लागले होते, आणि सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की आपल्या माणसाच्या हातात कप दाखवायला यांचा हात धजावला नाही. आजोबा नवे बूट घालून पेपरच्या कचेरीत गेले. दारावरच्या माणसानं सांगितलं, छापलं ते छापलं. सहादू त्यानंतर भेटायलाही आला नाही. पुढच्या महिन्यात आजोबा मनमाडला रेल्वेत लागले आणि चाळीस वर्षं तिकडेच राहिले.

फोटो त्यांनी तेव्हाच फाडून टाकला. खालच्या तीन ओळी मात्र कात्रीनं कापून ठेवल्या. त्या आजही रेल्वेच्या जुन्या पासाच्या प्लॅस्टिकमध्ये आहेत. आजोबा वाद घालताना खिशावर हात ठेवतात तो त्यासाठी.

इथपर्यंत सगळं घरात सर्वांना मान्य होतं. भानगड पुढे होती. आजोबा सांगायचे, की तसाच फोटो माझाही काढला होता, तोच कोट घालून, तोच कप हातात घेऊन. कधी काढला, विचारलं की म्हणायचे, शुक्रवारी. सामना रविवारी आणि कप हातात शुक्रवारी. यावर गोजराआजी म्हणायची, लग्नाच्या आधी बारसं. सगळे हसायचे. मीही हसायची, हे कबूल करते. आजोबा चिडायचे नाहीत. “कोटाचं दुसरं बटण तुटलेलं होतं,” एवढंच म्हणायचे, जणू त्यानं सगळं सिद्ध झालं.

मला वाटायचं त्यांना कपाचं दुःख आहे. एकदा मनमाडहून येताना गाडीत त्यांनी मला खरं सांगितलं. कप काय, आज असतो उद्या नसतो. त्यांना फक्त एक गोष्ट कळायला हवी होती, ती चूक होती की मुद्दाम केलं होतं. सगळं आयुष्य त्यांनी एक दिवस असं आणि एक दिवस तसं मानून काढलं होतं.

या डिसेंबरात ‘गंगथडी’चा अमृतमहोत्सव आला. आमचे संपादक प्रफुल्ल सर हा माणूस मनानं चांगला, पण कायम घाईत. त्यांनी जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि तेही गोल्फ क्लब मैदानावर. संदर्भ विभागाला, म्हणजे मला आणि माझ्या चार कपाटांना, फोटो शोधायचं काम लागलं. पण प्रवेशद्वाराचा मोठा फोटो सरांनी स्वतःच निवडला. या मैदानाला गोल्फ क्लब का म्हणतात ते लोकांना दिसू दे, म्हणाले, आणि माझ्यासमोर पान टाकलं. २२ डिसेंबर १९५८. सहादूचे दात आणि खाली माझ्या आजोबांचं नाव. हा फोटो सहा फुटी करायचा होता.

मी सांगितलं, सर, तोंड चुकलंय. सगळी हकिकत सांगितली, शुक्रवारची गंमत वगळून, कारण ती सांगितली असती तर मलाही हसले असते. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तेजस्विनी, आजोबा सांगतात हा पुरावा होत नाही. निगेटिव्ह आण, मी फोटो बदलतो. शुक्रवारी दुपारी बोर्ड छापायला जाईल. तोपर्यंत नाही मिळाली तर पान आहे तसंच लागेल.”

तो मंगळवार होता. आजोबा रोज सकाळी मैदानाच्या दोन फेऱ्या मारतात, काठी टेकत, सावकाश. अनोळखी माणसाला थांबवून सांगतात की तुम्ही उभे आहात तिथे सहावा खड्डा होता. आता दहा दिवस त्यांना दारातच सहा फुटी सहादू भेटणार होता, त्यांचं नाव पायाशी घेऊन. आणि तो बोर्ड त्यांच्या नातीच्या ऑफिसनं लावलेला असणार होता.

त्या काळी ‘गंगथडी’साठी फोटो काढायचे भिका फोटोग्राफर. त्यांचा स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांच्या मुलानं सगळ्या निगेटिव्ह पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यांतून आमच्याकडे आणून टाकल्या होत्या. भिकाजींची एक पद्धत होती. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं ना, ज्या दिवशी फोटो काढला त्या दिवसाचं पान फाडून त्यातच ते निगेटिव्ह गुंडाळत. वेगळी वही नाही, नोंद नाही. पानावर पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले की झालं. आणि दुसरी गोष्ट त्या डब्यांतून मला कळली ती कोटाची. स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एक कोट टांगलेला असे. ज्याच्याकडे कोट नाही त्यानं तो घालायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा खुंटीला लावायचा. त्या एकाच कोटात मला निम्मं नाशिक भेटलं. नवरदेव, मास्तर, एक पैलवान ज्याच्या छातीवर तो पुढून मिटतच नव्हता. उजेडावर धरून पाहिलं तर प्रत्येकाच्या पोटावर तीन बटणांपैकी मधलं गायब.

मी त्या दिवशी पहिल्यांदा आजोबांवर थोडा विश्वास ठेवला.

बुधवारी मी रविवारचं पान शोधलं. सापडलं. आत सामन्याचे सात फोटो होते. खुर्च्यांवर टोपीवाले साहेब, बाभळी, काठीला टेकून बसलेले कॅडी. तिथे खड्ड्याभोवती गवत नसायचं, तेलात कालवलेली वाळू असायची, आणि ती गोणपाट ओढून सारखी करणारी एक बाई एका फोटोत होती. कप कुठेच नव्हता. आदला डबा पाहिला, नंतरचा पाहिला, सोमवार पाहिला. संध्याकाळी धुळीनं नाक भरून घरी आले आणि आजोबांना सांगून टाकलं की रविवारच्या पानात काही नाही.

आजोबा टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज कमी केला.

“रविवारचं कशाला बघते? सदुसष्ट वर्षं मी काय सांगतोय?”

गुरुवारी सकाळी आठ वाजता, झाडूवालीच्याही आधी, मी ऑफिसात होते. शुक्रवार, १९ डिसेंबरचं पान डब्याच्या तळाशी होतं. उघडलं. आत एकच निगेटिव्ह होती, ती सहादूची. पण पान दोन्ही बाजूंनी लिहिलेलं होतं. वरच्या बाजूला पेन्सिलीनं: दोन्ही पोरं, कोट एक, कप एक. दोघांचे ब्लॉक मुंबईस पाठवले. जिंकेल त्याचा छापणे.

मला सगळं दिसायला लागलं. तेव्हा फोटो छापायचा तर त्याचा धातूचा ब्लॉक करावा लागे, आणि तो मुंबईहून करून यायला दोन दिवस जात. रविवारी जिंकलेल्याचा फोटो सोमवारच्या अंकात येणं शक्यच नव्हतं. म्हणून भिकाजींनी शुक्रवारीच दोघांना आळीपाळीनं कोट घातला, कप हातात दिला आणि दोघांनाही जिंकवून ठेवलं. रविवारी रात्री छापखान्यातल्या माणसासमोर दोन ब्लॉक आले. त्यानं या पोरांना कधी पाहिलेलं नव्हतं. धातूवर काळ्याचं पांढरं झालेलं, तोंड उलटं, कोट तोच, कप तोच. त्यानं एक उचलला.

पानाच्या मागच्या बाजूला शाईनं लिहिलेलं होतं, तारीख २८ डिसेंबर: चूक आमची. भिमाजीची निगेटिव्ह व प्रत सहादूच्या हाती दिली. त्याने मित्रास पोचती करावी.

मी कपाटाला टेकून खाली बसले आणि रडले. आनंदानं रडले की आपण इतकी वर्षं हसलो म्हणून, ते मला सांगता येणार नाही. मग तोंड धुतलं, पान पाकिटात घातलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले.

आजोबांनी पान हातात घेतलं नाही. वाच म्हणाले. मी वाचलं. ‘चूक आमची’ हे दोन शब्द त्यांनी तीन वेळा वाचायला लावले.

“मुद्दाम नव्हतं,” ते म्हणाले.

“नव्हतं, आजोबा.”

 त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुटल्यासारखं होतं की मला त्यांचं अठराव्या वर्षीचं तोंड कसं असेल ते कळलं. मग एकदम म्हणाले, आणि माझा फोटो सहाद्याकडे आहे. आजीला हाक मारून इस्त्रीचा पांढरा शर्ट मागितला, रिक्षा बोलवायला सांगितली आणि चष्म्याच्या दोन्ही काचा पुसल्या. मी म्हटलं, आधी फोन करू, माणूस आहे की नाही ते तरी पाहू. आहे, म्हणाले, मार्केटात त्याच्या नावानं अजून शेवंती येते, मी दर दिवाळीला विचारून घेतो. सदुसष्ट वर्षं न बोलणारा माणूस दर दिवाळीला चौकशी करत होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मखमलाबादला काकडांच्या मळ्यात शेवंती फुलली होती. ओट्यावर उन्हात एक म्हातारा फुलांच्या ढिगापुढे बसून देठ खुडत होता आणि त्याची नात पायल पाट्या भरत होती. आजोबा फाटकापाशी उभे राहिले. म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. त्याच्या मांडीवरची फुलं खाली सांडली.

“भिमा,” तो म्हणाला.

“फोटो दे माझा,” आजोबा म्हणाले. राम राम नाही, जय भीम नाही.

सहादूनं पायलला घरातली फ्रेम काढून आणायला सांगितलं. तिनं आणली. काचेत पिवळं पडलेलं ‘गंगथडी’तलं चित्र, दात काढून हसणारा तोच सहादू, आणि खालच्या तीन ओळी कात्रीनं साफ कापलेल्या. मला आधी हसूच आलं. एकाच पेपरचं वरचं या घरात आणि खालचं आमच्या घरात. दोघांनी आपापल्या सोयीचं कापून ठेवलं होतं. सहादूनं पक्कड मागवली. खिळे पायलनंच उपटले. मागचा पुठ्ठा निघाला आणि त्यामागून खाकी पाकीट बाहेर आलं, आत निगेटिव्ह आणि फोटो.

फोटो अगदी नवा दिसत होता. उन्हच लागलेलं नव्हतं त्याला. अठरा वर्षांचे माझे आजोबा दोन्ही हातांनी कप छातीशी धरून उभे होते, पडू नये म्हणून. हसत नव्हते. इतके खूश होते की हसायचं विसरले होते. आजोबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि अंगठ्यानं कोटावरची जागा दाबली.

“बटण,” ते मला म्हणाले.

बटण तुटलेलं होतं.

मग त्यांनी सहादूला विचारलं, का. सहादूनं आधी घराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्याच आठवड्यात चांदवडहून पाहुणे आले होते. कप जिंकलेला पोरगा म्हणून सोयरीक जमत होती. भिकाजींनी पाकीट दिलं ते नेमकं तेव्हा. तो फोटो बाहेर आला असता तर सोयरीक मोडली असती. लग्न झालं की नेऊन देतो, असं त्यानं ठरवलं. लग्न होईतो आजोबा मनमाडला गेले. “मग लाज वाटाया लागली, भिमा. दर वर्षी जास्तच वाटायची. तिला अजून माहीत नाय. हळू बोल.”

तिला म्हणजे त्याच्या बायकोला, धोंडाबाईंना. त्या दारातच उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे घेऊन. कधी आल्या होत्या कोण जाणे.

“माहीत नाय कसं?” त्या म्हणाल्या. “मी चौथी शिकलेली. माझ्या बापाला वाचता येत नव्हतं, मध्यस्थानं पेपर आणला तो त्यानं माझ्याच हातात दिला. अख्खा पेपर, कापलेला नाय. खाली नाव भिमाजी आन आडनाव बी दुसरं. मी बापाला सांगितलं, समदं बरोबर हाय, जमवून टाका.”

सहादूचं तोंड उघडं राहिलं. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकली आणि आम्ही सगळ्यांनी ती सरकताना पाहिली.

“आन मला सांगितलं नाय?”

“तुम्ही कधी इचारलं? मला काय कप नांदवायचा व्हता? फोटोतला पोरगा हसताना बरा दिसत व्हता.”

पायल फुलांच्या पाटीवर डोकं टेकवून हसायला लागली. मी हसले, आजोबाही हसले. कापलेल्या कागदाला इतकी वर्षं घाबरून राहिलेला सहादू तेवढा हसत नव्हता. पण धोंडाबाईंचं संपलं नव्हतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पाकीट उचललं आणि नवऱ्यासमोर धरलं.

“कप तुमचा नव्हता, ते मला चालत व्हतं. पर दुसऱ्याची वस्त घरात दाबून ठेवली, हे मला आज कळतंय. हे नाय चालत. माफी मागा त्यांची.”

सहादूनं हात जोडले. आजोबांनी ते धरून खाली केले.

“मला वाटत होतं त्यांनी मुद्दाम केलं,” आजोबा म्हणाले. “आमचा माणूस म्हणून.”

सहादू गोंधळला. “तुला असं वाटत असंल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाय रे.”

“तुझ्या डोक्यात यायचं कारण नव्हतं,” आजोबा म्हणाले. ते चिडून म्हणाले नाहीत. पण सहादूनं मान खाली घातली आणि शेवंतीचे देठ चाळू लागला. शेवटी म्हणाला, “चुकलं माझं.” आजोबांनी चहाचा कप उचलला आणि अर्धा चहा बशीत ओतून बशी त्याच्यापुढे सरकवली. नंतर कळलं, क्लबात दोघं एक चहा असाच प्यायचे.

आम्ही जेवूनच निघालो. रिक्षात मागच्या सीटवर शेवंतीची एवढी मोठी पाटी होती की मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून बसले.

शुक्रवारी निगेटिव्ह, फोटो आणि कॅलेंडरचं पान मी प्रफुल्ल सरांच्या टेबलावर मांडलं. सरांनी तिन्ही गोष्टी दोनदा पाहिल्या. त्यांचा चहा थंड झाला. मग म्हणाले, दोन्ही फोटो लावू, शेजारी शेजारी, सहा सहा फुटी. आणि पहिल्या पानावर चूक दुरुस्तीही छापू. मी म्हटलं, सर, सदुसष्ट वर्षांनी? ते म्हणाले, उशीर झाला म्हणून चूक बरोबर होत नाही. हा माणूस घाईत असतो, पण एरवी त्याला काही म्हणायचं कारण नाही.

शनिवारी संध्याकाळी प्रदर्शन उघडलं. प्रवेशद्वाराशी दोन सहा फुटी पोरं, एका कोटात. लोक थांबून बघत होते, कोण जिंकलं विचारत होते. सहादूकाका स्वतः पुढे होऊन सांगत होते, “हा, हा भिमा जिंकला, माझा चेंडू बाभळीला अडला.” इतक्यांना सांगितलं की ते आपल्याच विजयाची गोष्ट सांगताहेत असं वाटावं. आजोबा आपल्या फोटोसमोर गेले, खिशातून प्लॅस्टिक काढलं आणि आतल्या तीन ओळी बाहेर काढल्या. माझ्याकडे गोंद मागितला. सहा फुटी फोटोच्या पायाशी तो बोटभर पिवळा कागद त्यांनी स्वतःच्या हातानं चिकटवला आणि मागे सरकून पाहिलं.

“आता बरोबर हाय,” ते म्हणाले. घरी परतताना मला म्हणाले, उद्यापासून आपल्याकडे पेपर टाकायला सांग. गोजराआजीनं कपाळावर हात मारून घेतला.

आता माझी गोष्ट. प्रदर्शनाच्या बातमीत दोघा म्हाताऱ्यांचा आजचा फोटो जाणार होता. शहरपान छपाईला लवकर सुटतं आणि कार्यक्रम संध्याकाळचा, म्हणून फोटोखालच्या ओळी मी दुपारीच लिहून दिल्या: डावीकडून भिमाजी गांगुर्डे आणि सहादू काकड. दोघांना कसं उभं करायचं ते मी ठरवून ठेवलं होतं आणि तसं उभंही केलं. मग मी सरांना बोलवायला गेले. तेवढ्यात सहादूकाका म्हणाले, मला या कानानं ऐकू येत नाय, तू इकडं ये. दोघं बाजू बदलून उभे राहिले. आमचा फोटोग्राफर हर्षल, त्याला काय ठाऊक, त्यानं फोटो काढला आणि मोबाइलवरून ऑफिसात पाठवून दिला.

रविवारी सकाळी ‘गंगथडी’ आमच्या दारात पडला. आजोबांनी स्वतः वाकून उचलला. पहिल्या पानावर खाली चौकट होती: दि. २२ डिसेंबर १९५८ च्या अंकात कॅडी चषक विजेते श्री. भिमाजी गांगुर्डे यांच्या नावावर अनवधानाने श्री. सहादू काकड यांचे छायाचित्र छापले गेले. चूक आमची. क्षमस्व. आजोबांनी ते मोठ्यानं वाचलं, मग आजीला वाचून दाखवलं, मग शेजाऱ्यांना. मी अंघोळीला गेले.

बाहेर आले तर आजोबा चौथं पान उघडून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी जवळ जाऊन पाहिलं. फोटोत आजोबांच्या खाली सहादू काकड, सहादूकाकांच्या खाली भिमाजी गांगुर्डे. आणि त्या ओळी माझ्या, अक्षरन्‌अक्षर माझ्या. मी बोलायला तोंड उघडलं, तर आजोबांनी हात वर केला. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खोकला येईपर्यंत हसत होते, आणि आजी त्यांची पाठ चोळत मला विचारत होती काय झालं.

तेवढ्यात सहादूकाकांचा फोन आला. आजोबांनी स्पीकर लावला. पलीकडून आधी धोंडाबाईंचं हसू ऐकू आलं. मग सहादूकाका म्हणाले, भिमा, आता मी जिंकलो बघ, छापूनच आलंय. आजोबा म्हणाले, मुद्दाम केलंय रे, माझ्या नातीनं.

बोलणं संपलं तेव्हा आजी कात्रण काढायला कात्री घेऊन आली होती. आजोबांनी कात्री तिला परत दिली आणि पान जसंच्या तसं घडी करून, संध्याकाळी येताना फ्रेम करून आण म्हणून माझ्या हातात दिलं.